पेटीला दिलेला नवा नंबर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग बायकोचं आजारपण आलं, आणि ती गेल्यावर तर काही लिहावंसंच वाटेना. खरं कारण एकच होतं. दर खंडेनवमीला आमच्या नेपियर टाउनच्या घरात सूनबाई चौरंगावर कात्री, विळी, नातवाचा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली मांडते आणि म्हणते, "बाबा, हळद-कुंकू तुम्ही वाहा." मी गुडघ्यांचं निमित्त सांगून आतल्या खोलीत जाऊन बसतो. यंदा तिने विचारलं, "बाबा, बरोबर याच दिवशी काहून दुखतात तुमचे गुडघे?" ती हसत होती. खरं उत्तर वेगळं आहे. ते इथे देतो.

जबलपूरच्या एका कारखान्यात मी छत्तीस वर्षं नोकरी केली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की दोष वाटला जाईल, आणि तो वाटून घ्यायची माझी इच्छा नाही.

शेवटची अकरा वर्षं गेज रूम माझ्याकडे होती. गेज रूम म्हणजे मोजमापाची यंत्रं ठेवायची खोली. कारखान्यात तयार झालेला भाग बरोबर आहे की चुकीचा, हे तिथली यंत्रं सांगायची. म्हणून खोली थंड, धूळ नाही, आत यायचं तर चपला बाहेर. मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून मी माणसांशी भांडलो आहे. खोटं मोजमाप लिहिलं म्हणून एका फिटरला मी तीन दिवस तोंड दाखवू दिलं नव्हतं.

कारखान्याच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मुख्य दरवाज्याजवळच्या चाबीघरात असायच्या. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर दीडशेच्या आसपास खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक किल्ली. प्रत्येक कामगाराकडे आपल्या नंबराचा पितळी बिल्ला. किल्ली हवी असेल तर बिल्ला द्यायचा. किल्ली खिळ्यावरून निघायची आणि त्याच खिळ्यावर बिल्ला लागायचा. संध्याकाळी फळ्यावर एकही बिल्ला उरता कामा नये. एवढीच पद्धत. ती चालवणारा माणूस एकच होता.

त्यांना मी भाऊ म्हणायचो. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. राहायला सिहोऱ्याला, रोज बसने यायचे. त्यांचे पूर्वज चाकरीच्या निमित्ताने कधीकाळी इकडे आले आणि राहिले, आमच्यासारखेच. चाबीघराच्या खिडकीत आम्ही दोघं मराठीत बोलायचो, कारण त्या बाजूला तिसरा मराठी माणूस नव्हता.

"दिवसभराचं मराठी इथंच बोलून घेतो साहेब," ते म्हणायचे. "घरी पोरांना विचारलं, जेवले का रे, तर म्हणतात, हाँ बाबूजी, खा लिया."

तीस वर्षांत त्यांच्या फळ्यावरची एक किल्ली हरवली नव्हती. कोणती किल्ली कोणाकडे आहे, हे ते फळ्याकडे न बघता सांगायचे. एखादा घाईत आला की, "तेवीस नंबर? ती वेल्डिंगवाल्यांकडे गेली. तुम्हाला आत्ता नाही मिळत, भैया, जेवून या. भूखे पेट ताला नहीं खुलता." आणि तो माणूस हसत परत जायचा.

मग वरून आदेश आला की किल्ल्यांची आणि यंत्रांची नोंद आता मशीनवर ठेवायची. त्यासाठी समिती झाली. तिच्यात मी होतो, आणि उत्साहाने होतो. पोलादी कपाट आलं. कार्ड टेकवायचं, बोट ठेवायचं, हवी ती किल्ली दाबायची; तिच्याखाली हिरवा दिवा लागून तेवढीच किल्ली सुटायची. कोणी, कधी घेतली, कधी परत केली, सगळं कॉम्प्युटरमध्ये. गेज रूमच्या प्रत्येक यंत्राच्या पेटीवर एक टॅग चिकटवलं, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढं, चपटं. ते टॅग मुख्य दरवाज्यातून बाहेर गेलं की तिथली मशीन ते ओळखायची आणि कोणाच्या कार्डाबरोबर बाहेर पडलं तेही लिहून ठेवायची.

उद्घाटनाच्या दिवशी मी बोललो. बोलण्यात एक वाक्य होतं, जे आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. "आता कोणाच्या आठवणीवर विसंबून राहायची गरज नाही." भाऊ मागच्या रांगेत उभे होते. त्यांचा फळा आदल्या आठवड्यातच उतरवला होता. कार्यक्रमानंतर ते जवळ आले.

"चलो, बरं झालं साहेब. माझ्या डोक्याला सुट्टी."

"भाऊ, तुम्हाला कपाटाजवळच ठेवलं आहे. लोकांना शिकवायला."

"मी काय शिकवणार? ती मशीनच मला शिकवून राहिली."

पण त्यांच्यावर शिकवायची वेळ आलीच, आणि तीही मलाच. वर्षानुवर्षं पॉलिश पेपर आणि तेल हाताळून आमच्यासारख्यांची बोटं घासली गेली होती. मशीनला माझं बोट ओळखू यायचं नाही. पाच वेळा ठेवलं तर एकदा घ्यायची. मागे रांग लागायची. मग भाऊ स्वतःचं कार्ड टेकवायचे, स्वतःचं बोट ठेवायचे, आणि गेज रूमची किल्ली काढून माझ्या हातात द्यायचे.

"काहून साहेब, तुमचीच मशीन अन् तुम्हालाच ओळखत नाही?"

दुसऱ्याच्या कार्डावर किल्ली घेऊ नये, असं परिपत्रक होतं. त्यावर माझी सही होती. गेज रूममध्ये तेल, पाणी, खायचे पदार्थ, पूजेचं साहित्य नेऊ नये, हेही त्याच परिपत्रकात होतं. दरवाज्यावरची मशीन पहिल्या महिन्यात उगाचच वाजायची, रिकाम्या डब्यालाही वाजायची, तेव्हा तिचा भोंगा बंद करून फक्त नोंद ठेवा, असं सांगणाराही मीच. या तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुढचं सगळं समजेल.

खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. गेज रूममध्ये यंत्रांची पूजा करायची आमच्या दोघांची जुनी रीत होती. मी गेज रूममध्ये आलो त्या पहिल्या वर्षापासून भाऊ सिहोऱ्याहून येताना झेंडूची फुलं आणायचे, आम्ही मोठ्या टेबलावर पेट्या मांडायचो, हळद-कुंकू वाहायचो, नारळ बाहेर व्हरांड्यात फोडायचो. बाकीचे लोक विश्वकर्मा पूजा करायचे; ही आमची दोघांची. परिपत्रकानंतरचं ते पहिलंच वर्ष. भाऊंनी विचारलं होतं, "यंदा करायची ना, साहेब? का मशीनला विचारावं लागंल?" मी म्हणालो, करायची. नियम मी केले होते, म्हणून ते मला लागू नाहीत असं कुठेतरी वाटत असावं.

सकाळी नऊच्या सुमारास माझं बोट नेहमीसारखं चाललं नाही. भाऊंनी त्यांच्या कार्डावर किल्ली काढली. आम्ही पेट्या मांडल्या. त्यात एक बोअर गेज होतं, नळीचा आतला व्यास मोजायचं परदेशी यंत्र, शाळेच्या दप्तरात मावेल एवढ्या लाकडी पेटीत. सगळ्यात महागडं तेच, म्हणून मी त्याच्यावर जरा जास्तच कुंकू वाहिलं, आणि मग ओलं कुंकू टॅगवर ओघळलेलं पाहून घाबरलो. फडक्याने पुसायला गेलो तर टॅगचा एक कोपरा सुटला. अर्धवट चिकटलेलं बरं दिसत नव्हतं. मी ते पूर्ण काढलं, कोरडं करून नंतर लावू म्हणून फुलांच्या ताटात ठेवलं.

तेवढ्यात निरोप आला की सिव्हिल लाइन्सला बैठक आहे, लगेच निघा. मी भराभर पेट्या कपाटांत घातल्या. किल्ली भाऊंच्या हातात दिली, ती त्यांनी परत लावली. ताटातली फुलं ते नेहमीप्रमाणे कापडी पिशवीत भरून ठेवायचे. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. संध्याकाळी कारखाना सुटल्यावर ते ऑटोने ग्वारीघाटाला जायचे, नर्मदेत फुलं सोडायचे आणि मग सिहोऱ्याची बस पकडायचे. त्या संध्याकाळीही तसंच केलं.

सुट्टीनंतर कॉम्प्युटरने सांगितलं की बोअर गेज कारखान्याबाहेर आहे. नोंदीत सगळं ओळीने होतं. खंडेनवमीच्या सकाळी गेज रूमची किल्ली कोणी काढली, भाऊंनी. परत कोणी लावली, भाऊंनी. संध्याकाळी यंत्र दरवाज्यातून कोणाबरोबर बाहेर गेलं, भाऊंबरोबर. पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, हो, हातात कापडी पिशवी होती.

मला काही कळलं नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो. पण पहारेकऱ्याने पिशवी म्हटलं त्याच क्षणी मला ताट आठवलं. ताटातल्या झेंडूवर ठेवलेलं ते टॅग आठवलं. पेटी मी कुठे घातली हे आठवेना, पण ती आतच असणार हे कळलं.

चौकशीच्या खोलीत तीन अधिकारी होते. भाऊ बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. मी आत आलो तसे उभे राहिले. त्यांनी आधीच सांगितलं होतं की किल्ली साहेबांसाठी काढली, पिशवीत फुलं होती. पूजेचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. "फुलं कशाची?" विचारल्यावर म्हणाले होते, "घरची." परिपत्रकावर माझी सही आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तेवढं झाकलं.

मला विचारलं, "त्या दिवशी किल्ली तुम्ही यांच्याकडून मागितली होती?"

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "सर, रोज शंभर वेळा किल्ल्या दिल्या-घेतल्या जातात. मला आठवत नाही. रेकॉर्ड में जो है, वही सही है."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खिळ्यावर भलत्याच नंबराचा बिल्ला दिसला की ते जसे बघायचे, तसं त्यांनी पाहिलं.

मी असं का केलं? नोकरी जाण्याची भीती नव्हती. फार तर एक मेमो मिळाला असता. पण त्याच महिन्यात दुसऱ्या शाखेत ही पद्धत शिकवायला माझं नाव गेलं होतं. जी पद्धत मी मिरवत होतो ती एका ओल्या फडक्याने फसते, आणि तिचे नियम सगळ्यात आधी मीच मोडले, हे तीन माणसांसमोर सांगायची मला लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी मी एका माणसाला चोर ठरू दिलं.

पोलिसांत द्यायचं का, यावर चर्चा झाली. मी भाऊंची बाजू घेतली. तीस वर्षांची नोकरी आहे, म्हातारा माणूस आहे, पोलीस नकोत, असं मी कळकळीने बोललो. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. मला माहीत होतं की चौकशीने फक्त नोंद पाहिली होती, पण पोलीस आले तर गेज रूमची सगळी कपाटं उघडतील.

निकाल लागला. चोरी सिद्ध होत नाही, पण गंभीर निष्काळजीपणा. भाऊंना चाबीघरातून काढून डाक विभागात टाकलं, टपाल टेबलाटेबलावर पोचवायला. बढती होती ती गेली. त्यांना खरी शिक्षा वेगळीच झाली. ते एखाद्या खोलीत टपाल घेऊन शिरले की लोक टेबलावरचा मोबाइल, पेन सहज उचलून खिशात घालायचे. एकदा कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "दादा, अपनी घड़ी सँभालो, चाबीवाले आए हैं." सगळे हसले. मी चहा पीत होतो.

मधल्या काळात मी पेटी शोधली का? शोधली, पण जी कपाटं उघडायला नको होती ती उघडली नाहीत. निकालानंतर दीड महिन्याने, बाद झालेली यंत्रं ठेवायच्या जुन्या कपाटातून काहीतरी काढताना ती हाती आली. झाकणावर कुंकवाचा पुसट डाग होता. मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून राहिलो.

त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. मी काय केलं? डाग स्पिरिटने पुसला. हरवलेल्याच्या बदली नवं यंत्र मागवायचं पत्र वर गेलेलं होतं. ते मी रद्द करवलं आणि लिहिलं की जुन्या साठ्यात त्याच जातीचं एक नोंद नसलेलं यंत्र मिळालं आहे. त्याला नवं टॅग लावलं, कॉम्प्युटरवर नवा नंबर दिला. मशीनने नवा नंबर लगेच घेतला. जुना नंबर अजूनही तिच्या लेखी ग्वारीघाटाच्या दिशेने बाहेर गेलेला असेल.

थंडीत एका सकाळी भाऊ टपाल घेऊन माझ्या टेबलाशी आले. पेटी समोरच होती. त्यांनी पत्रं ठेवली, सहीची वही पुढे केली. मी सही केली. ते गेले नाहीत. पेटीच्या कडीकडे बघत राहिले. तिथे एक आखूड खिळा होता, जरा तिरका.

"हा खिळा मी मारला होता, साहेब," ते म्हणाले. "कडी निघून राहिली होती. तुम्ही म्हटलं होतं, सुताराला बोलावू नका, भाऊ, तुम्हीच ठोका."

मी वहीचं पान उलटत राहिलो. त्यांनी वही घेतली.

"नंबर नवा दिसते," एवढं बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

दीड वर्षाने ते निवृत्त झाले. चाबीघरातून निवृत्त झाले असते तर सगळा कारखाना फाटकाशी जमला असता. डाक विभागातल्या चौघांनी त्यांना हार घातला. मी रजा टाकली होती.

पुढे मीही निवृत्त झालो. एका जानेवारीत न राहवून सिहोऱ्याची बस धरली. वाटेत एक वाक्य तयार केलं आणि ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिलो. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर सापडलं. भाऊ अंगणात उन्हात बसून मटार सोलत होते. मला पाहून लगबगीने उठले.

"अरे साहेब! या, या. अगं, खुर्ची आण."

वहिनी चहा घेऊन आल्या. दोन्ही मुलगे, सुना, सगळे येऊन उभे राहिले. भाऊंनी मला त्यांच्यासमोर बसवलं आणि मुलांना हिंदीत म्हणाले, "पैर छुओ. इन्हीं साहब ने मुझे पुलिस से बचाया था. ये न होते तो तुम्हारा बाप जेल में होता."

दोन्ही मुलांनी माझ्या पायांना हात लावला. थोरला म्हणाला, "बाबूजी हमेशा आपकी बात करते हैं." वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी भाऊंकडे पाहिलं. ते मटार सोलत होते. त्यांना सगळं माहीत होतं. तरी घरच्यांना त्यांनी हे का सांगितलं होतं, मला कळलं नाही. बाप चोर नव्हता आणि कोणीतरी मोठा माणूस तसं मानत होता, एवढं तरी मुलांना मिळावं म्हणून असेल. किंवा मी कधीतरी येईन, आणि आलो तर मला नेमकं हेच ऐकावं लागेल, म्हणूनही असेल. अजून ठरवता येत नाही.

वाक्य तोंडाशी होतं. ते उच्चारलं असतं तर मुलांनी ज्या पायांना हात लावला तेच पाय धरून मला गल्लीत ओढून टाकावंसं त्यांना वाटलं असतं. मी चहा संपवला. हवामान, गहू, बसची गर्दी, असं काहीबाही बोललो. निघताना भाऊ फाटकापर्यंत आले. कापडी पिशवीत मटार भरून दिले.

"अन् तुमची मशीन कशी आहे, साहेब?"

"चालू आहे म्हणतात."

"चालंल. तिला काय विसरायचं असते?"

ते मटार मी घरी आणले. सूनबाईने त्यांची उसळ केली. मी खाल्ली.

त्यानंतर दोनदा बस स्टँडपर्यंत गेलो आणि परतलो. गेल्या पावसाळ्यात थोरल्या मुलाचा फोन आला, "बाबूजी नहीं रहे." तेराव्याला गेलो. पुन्हा खुर्ची, पुन्हा मुलांचे हात पायांशी. फोटोला झेंडूचा हार होता. तिथेही मी काही बोललो नाही.

हे मी मराठीत लिहितो आहे, आणि त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. लपायला मी पुन्हा एक जागा शोधली आहे, हे मला दिसतं. हिंदीत लिहून सिहोऱ्याला पाठवायचे दोन कागद टेबलावर कोरे पडले आहेत. त्यांवर तारीखसुद्धा घातलेली नाही.

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य मात्र अजून जसंच्या तसं आठवतं. भाऊ, चाबी मी मागितली होती, टॅग मी काढलं होतं, पेटी माझ्याच कपाटात होती. तुम्ही फक्त निर्माल्य नेलं होतं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माफ करा.